पहिलं खोटं गिऱ्हाइकाचं

जून १९४१. लॉस एंजेलिसला लागून असलेल्या बरबँकमध्ये, वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत तुम्ही पायाखालच्या केबली चुकवत कोपऱ्यात उभे आहात. समोर लाकूड-कापडातून सॅन फ्रान्सिस्कोतलं एक ऑफिस उभं केलंय. खिडकीच्या काचेवर ‘स्पेड अँड आर्चर’ अशी अक्षरं आहेत. ती रस्त्यावरून वाचायची, म्हणून तुम्हाला उलटी दिसतात.

‘द माल्टीज फाल्कन’चं शूटिंग चाललंय. याच नावाच्या कादंबरीवर याच कंपनीनं १९३१ आणि १९३६ मध्ये दोन सिनेमे काढून झालेत, त्यामुळे या तिसऱ्याकडून कुणाच्या फार अपेक्षा नाहीत. जॉर्ज राफ्टनं सॅम स्पेड या खासगी गुप्तहेराची भूमिका नाकारली म्हणून ती हम्फ्री बोगार्टकडे आली. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन चौतीस वर्षांचा आहे. हा त्याचा पहिलाच सिनेमा, म्हणून प्रत्येक शॉटची चित्रं त्यानं आधीच काढून ठेवलीत.

शॉट सुरू व्हायच्या आधी नायिका मेरी ॲस्टर काय करते ते बघा. ती मुद्दाम भराभर श्वास घेते, म्हणजे बोलताना धाप लागलेली वाटावी. मग सॅम स्पेडसमोर बसून कापऱ्या आवाजात ती हरवलेल्या बहिणीची गोष्ट सांगते. तिनं सांगितलेलं नाव खोटं आहे आणि बहीणही खोटी. त्या रात्री स्पेडचा भागीदार गोळी लागून मरतो. पुढे स्पेड तिला शांतपणे ऐकवतो, की आमचा विश्वास तुझ्या गोष्टीवर नव्हताच, तू दिलेल्या दोनशे डॉलरवर होता.

हे व्यवहारी शहाणपण टेबलाशी बसून सुचलेलं नाही. मूळ लेखक डॅशिएल हॅमेट पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत नोकरी करून आलेला माणूस. सिनेमाच्या शेवटी ज्याच्यामागे सगळे जीव तोडून धावले तो ससाण्याचा पुतळा शिशाचा निघतो, आणि जिच्यावर मन बसलं तिलाच स्पेड पोलिसांच्या हवाली करतो. इथं खोटं एका बाईच्या तोंडात होतं, तिला पकडलं की ते संपलं.

आता पाच वर्षं पुढे या. ऑगस्ट १९४६, न्यूयॉर्क, ब्रॉडवेवरचं स्ट्रँड थिएटर. पडद्यावर ‘द बिग स्लीप’. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, पटकथाकारांत विल्यम फॉकनर. बोगार्ट आता फिलिप मार्लो नावाचा गुप्तहेर झालाय, रोज पंचवीस डॉलर आणि वर खर्च. खेळ एकामागून एक चालू असल्यानं लोक मध्येच आत येतात. तुमच्या शेजारची बाईही अर्ध्यात येऊन बसते. ती गोंधळलेली आहे, पण सुरुवातीपासून बसलेले तुम्हीही तेवढेच गोंधळलेले आहात.

मार्लोला ज्या घरानं कामावर लावलंय, तिथल्या शोफरला कुणी मारलं? शूटिंगच्या वेळी हाच प्रश्न मूळ लेखक रेमंड चँडलरला विचारला गेला, आणि त्यालाही सांगता आलं नाही. गंमत अशी, की सिनेमाची एक आवृत्ती आधीच तयार होती आणि १९४५ मध्ये परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना ती दाखवलीही होती. तिच्यात मार्लो सरकारी वकिलासमोर सगळी केस उलगडून सांगतो. कंपनीनं तो प्रसंग कापला आणि १९४६ च्या जानेवारीत बोगार्ट आणि लॉरेन बकॉलचा नवा प्रसंग चित्रित केला. दोघं रेस्तराँत घोड्यांच्या शर्यतीविषयी बोलतात, आणि बोलणं घोड्यांबद्दल नाही हे थिएटरातल्या सगळ्यांना कळतं. उलगडा गेला, तरी शेजारची बाई जागची हलत नाही. मार्लोला फसवण्यात अख्खं घर गुंतलंय, आणि तो त्यांच्या डोळ्यांत बघत पुढचा प्रश्न विचारतो. तेवढ्यासाठी ती बसलीय.

जून १९७४. आता सिनेमा रंगीत आहे, ‘चायनाटाऊन’. खासगी गुप्तहेर जेक गिटिसच्या ऑफिसात श्रीमती मलरे येतात, नवऱ्यावर पाळत ठेवा म्हणतात. तुम्ही खुर्चीत सावरून बसता, कारण आता तुम्हाला सवय झालीय. ही बाई श्रीमती मलरे नाहीच. पण या वेळी खोटं तिच्यापाशी थांबत नाही. दुष्काळात रात्री गुपचूप पाणी सोडून दिलं जातंय, वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या नावावर जमिनी घेतल्या जाताहेत. लॉस एंजेलिसनं ओवेन्स खोऱ्याचं पाणी कालव्यानं आणलं ते १९१३ मध्ये. पटकथाकार रॉबर्ट टाऊननं तो इतिहास १९३७ मध्ये आणून बसवला. कुणाचं पाणी कुणाच्या जमिनीला मिळालं, या प्रश्नात काय काय दडतं हे मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि या सगळ्याच्या मागे बसलेला गोड बोलणारा म्हातारा, नोआ क्रॉस? चेहरा नीट बघा. तो जॉन ह्यूस्टन आहे.

स्पेडला संशयानं वाचवलं होतं, गिटिसला तोच संशय नडतो. खऱ्या श्रीमती मलरेवर तो विश्वास ठेवत नाही, थोबाडीत मारून खरं वदवतो, पण त्याआधीच त्यानं पोलिसांना बोलावलेलं असतं. शेवटी तीच गोळीला बळी पडते आणि क्रॉस मोकळा राहतो. टाऊनच्या मनात शेवट वेगळा होता, हा शेवट दिग्दर्शक पोलान्स्कीनं आग्रहानं करून घेतला. बाहेर वॉटरगेट प्रकरण पेटलंय आणि दोन महिन्यांच्या आत अध्यक्ष निक्सन राजीनामा देणार आहेत. हा शेवट पडद्यापुरता आहे असं आज कुणालाच वाटत नाही.

तेहतीस वर्षांत खोट्याचा पत्ता बदलत गेला: आधी एक बाई, मग एक घर, मग शहराचा पाणीपुरवठा. बदलला नाही तो खुर्चीतला माणूस. गोष्ट खोटी आहे हे ओळखूनही तो केस घेतो आणि दुसरा प्रश्न विचारतो. साहेबाला, पुढाऱ्याला, घरातल्या मोठ्यांना तो दुसरा प्रश्न विचारायची आपली छाती होत नाही. रोज पंचवीस डॉलर देऊन असा माणूस लावणं बहुतेकांना झेपलं नसतं, पण सिनेमाच्या तिकिटात तो परवडतो.