थेंबभर विश्वास

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या फडताळातून दरवर्षी काही ना काही निघतेच. यंदा डोळ्यांच्या औषधाच्या पाच बाटल्या निघाल्या. एकही पुरी संपलेली नव्हती. कोणती कोणासाठी आणली, हेही कोणाला आठवेना. "असू द्यात, अडीअडचणीला लागतात," असे म्हणत सौभाग्यवतींनी त्या परत ठेवावयास घेतल्या, आणि मला १९७१ साल आठवले.

त्या साली मुंबईत डोळ्यांची मोठी साथ आली होती. मी तेव्हा नऊ वर्षांचा. हा रोग १९६९ साली आफ्रिकेतल्या घाना देशात प्रथम आढळला. माणूस चंद्रावर उतरला तेच ते साल, म्हणून तिकडे त्याला चंद्रयानाचे 'अपोलो ११' हेच नाव पडले. पुढे बांगलादेशाच्या मुक्तिलढ्याच्या दिवसांत तो बंगालात पसरला, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याचे बारसे 'जय बांगला' असे केले. गिरगावातल्या आमच्या चाळीत मात्र 'डोळे आले' एवढेच म्हणत. आजीने त्रिफळ्याचे पाणी गाळले, शेजारच्या काकूंनी गुलाबपाणी दिले आणि वडिलांनी औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणली. एकाच काचेच्या नळीने आम्हां पाच जणांच्या दहा डोळ्यांत थेंब पडू लागले. आठवड्याभरात सारे बरे झालो आणि बाटलीचा जयजयकार झाला!

खरे पाहता ती साथ विषाणूची होती, आणि जंतुनाशक थेंबांना विषाणू दाद देत नाहीत. डोळे आपले आपणच बरे झाले. बाटलीने केले असेल तर एवढेच, की एकाचा रोग दुसऱ्याच्या डोळ्यात नेऊन सोडला. पण श्रेय तिला मिळाले, आणि ती फडताळात जाऊन बसली.

डोळ्यांत थेंब घालण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगितले आहेत, आणि 'आश्च्योतन' म्हणजे थेंब घालण्याचा विधीही. तो मात्र मोजूनमापून करावयाचा: दोष खरवडून काढण्यासाठी सात-आठ थेंब, स्निग्धता आणण्यासाठी दहा, व्रण भरण्यासाठी बारा. आपण थेंब तेवढे घेतले; मोजमाप आणि वैद्य दोन्ही मागे राहिले.

याची खरी किंमत कॉर्टिसोनच्या आगमनानंतर कळली. संधिवातावर त्याचा गुण १९४९ साली जाहीर झाला, १९५० साली त्याच्या संशोधकांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि लवकरच त्या जातीची औषधे डोळ्यांतही पडू लागली. लाली आणि खाज पाहता पाहता जाई. परंतु ही औषधे फार दिवस घातली तर काही जणांच्या डोळ्यांतला दाब वाढतो, हे त्याच दशकात दिसून आले. हा दाब दुखत नाही. दृष्टीच्या कडा हळूहळू कुरतडल्या जातात, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. यालाच आपण काचबिंदू म्हणतो.

माझ्या मावसभावाचे डोळे दर उन्हाळ्यात खाजत. डॉक्टरांनी एकदा पंधरा दिवसांसाठी थेंब लिहून दिले. त्यानंतर चिठ्ठी लागलीच नाही. रिकामी बाटली दाखवून "तेच द्या" म्हटले की काम होई. असे सात उन्हाळे गेले. एके दिवशी उजवीकडून आलेली सायकल त्याला दिसलीच नाही. तपासणी झाली तेव्हा उजव्या डोळ्याचे फारसे काही उरले नव्हते. "पण मला बरे वाटत होते रे," एवढेच तो म्हणाला.

त्याला दोष कसा द्यावा? दवाखान्यात जायचे तर दिवसाची मजुरी बुडे. दुकान कोपऱ्यावर होते. अशी औषधे चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम आहे. पण नियमापेक्षा ओळख जवळची असते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात पुन्हा डोळे आले, तेव्हाही शेजाऱ्याची बाटली मागून नेणारे मी पाहिले.

सौभाग्यवतींना मी मावसभावाची आठवण करून दिली. त्या काही बोलल्या नाहीत. उघडलेली बाटली बहुधा महिन्याभरातच टाकावयाची असते. आमच्या बाटल्यांना तर वर्षे लोटली होती. पाचही बाटल्या केरात गेल्या. रिकाम्या जागी त्यांनी पणत्या ठेवल्या.