बिनवॉलच्या गाड्या

सोलापुरात रेडिएटर म्हटलं की घर आठवत नाही, गाडी आठवते. भिंतीला लोखंडी रेडिएटर लावून खोली उबदार करावी असा इथला हिवाळाच नाही, आणि मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की सगळी धडपड उष्णता बाहेर घालवण्याची. पुणे-हैदराबाद महामार्गाला विजापूर आणि तुळजापूरकडचे रस्ते इथे येऊन मिळतात, त्यामुळे ट्रकदुरुस्तीची गॅरेजं शहराच्या कडेकडेनं पसरलेली आहेत. ‘गाडी हीट मारतेय’ ही तिथली उन्हाळ्यातली नेहमीची तक्रार. तिच्यावरचा एक इलाज उस्तादाकडून पोराकडे चालत आलेला आहे : वॉल काढून टाक.

हा वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर बसवलेली, मुठीत मावेल एवढी झडप. इंजिन गार असताना ती बंद राहते, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि लवकर तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना ती उघडू लागते आणि गरम पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी होते. तिला ना वीज लागते, ना ड्रायव्हरचा हात.

माणसानं पाळत न ठेवता आच आपोआप कमीजास्त व्हावी, ही कल्पना मात्र मोटारीपेक्षा कितीतरी जुनी. कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिरानं १६२० च्या सुमारास अंडी उबवायची भट्टी केली होती. तापलेलं स्पिरिट फुगायचं, पाऱ्याला वर ढकलायचं आणि पारा भट्टीचं झाकण हलवायचा. आच आपसूक उतरायची. पुढे १७५० च्या दशकात इंग्लंडचा घड्याळजी जॉन हॅरिसन यानं समुद्रावरच्या घड्याळासाठी पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या. दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत, म्हणून ऊन-थंडीत ही जोडपट्टी वाकते. त्या वाकण्यावर हॅरिसननं घड्याळाची चाल सांभाळली.

याच वाकण्याला कामाला लावलं अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं. त्यानं १८३० साली जोडपट्टीच्या उष्णता-नियंत्रकाचं पेटंट घेतलं आणि त्याला थर्मोस्टॅट हे नाव दिलं. पट्टी वाकली की हवेची झडप किंवा वाफेची तोटी फिरायची. यूर हा सूतगिरण्यांचा गाढा अभ्यासक. कारखानदारीवरचं त्याचं पुस्तक १८३५ साली निघालं. ज्या गावानं खळ आणि रंगाची पिंपं पाहिली आहेत, तिथे गिरणीला स्थिर तापमान कशाला लागतं हे वेगळं सांगायला नको. आच चढली की रंग बिघडतो, खोलीतली हवा कोरडी पडली की धागा तुटतो. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे सोलापूरकरांची जुनी गिरणी, १८७७ साली सुरू झाली. मालट्रक रस्त्यावर येण्याच्या कितीतरी आधी थर्मोस्टॅटचा विचार गिरणीच्या जगात घडत होता, आणि सोलापूर त्याच जगातलं शहर आहे.

मोटारीतल्या आजच्या वॉलचा जीव मात्र मेणात आहे. सुरुवातीच्या गाड्यांत चटकन उडून जाणारा द्रव भरलेली धातूची घडीदार डबी असायची. पाण्याचा दाब वाढला की तिची गणितं चुकायची. १९३० च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यानं डबीत मेण भरलं. मेण वितळताना जोरात फुगतं, दांडा ढकलतं आणि झडप उघडते. गार झालं की आकसतं आणि स्प्रिंग झडप लावून टाकते. भोवतालच्या दाबाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

घरच्या रेडिएटरवरची झडप याच घराण्यातली. डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन यानं, डॅनफॉस कंपनीच्या संस्थापकानं, ती १९४३ मध्ये शोधली. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तिची खोड ठाऊक असते : उन्हाळाभर बंद राहिलेल्या झडपेची पिन अडकते आणि थंडी सुरू झाल्यावर एकच खोली गार राहते. वरची मूठ काढून पिन हलकेच दाबली की ती बहुधा सुटते. पकडीनं उपसायची मात्र नाही, पाठोपाठ पाणी येतं.

सोलापुरातही दुखणं अडकण्याचंच होतं. रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी भरायचं, त्यातले क्षार आणि इंजिनातला गंज वॉलवर बसायचा, वॉल बंद स्थितीत अडकायचा आणि भर रस्त्यात पाणी उकळायचं. हेड गॅस्केट जाण्यापेक्षा वॉल गेलेला बरा, हा जुन्या मिस्त्रीचा हिशेब त्या पाण्यापुरता शहाणपणाचाच होता.

पण पाण्याच्या जागी कुलंट आलं तरी सवय टिकली, आणि आता ती महागात पडते. वॉल नसलेलं इंजिन पहाटेच्या गारव्यात तापायला वेळ लावतं, तोवर डिझेल जास्त जातं आणि सिलेंडरची झीज वाढते. उन्हाळ्यातला तोटा आणखी मोठा. कित्येक इंजिनांत वॉलला खालून दुसरी चकती असते. वॉल उघडला की ती पाण्याची आतली आडवाट बुजवते. वॉलच काढला तर आडवाट उघडी राहते, थोडं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता पुन्हा इंजिनात शिरतं. म्हणजे अशा गाडीत थंडाव्यासाठी केलेला इलाज चढावर गाडी आणखी तापवतो.

खरा दोष कुठे आहे हे कळायला फार काही लागत नाही. गाडी तापली तरी इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा होज गारच, तर वॉल उघडत नाहीये असा दाट संशय घ्यावा. काढलेला वॉल पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्यानं लटकवून गॅसवर ठेवायचा, सोबत थर्मामीटर. वॉलवर बहुधा अंश कोरलेले असतात. त्याच्या आसपास तो उघडू लागला तर वॉल ठीक, दोष पंपात, पंख्यात किंवा तुंबलेल्या रेडिएटरमध्ये शोधावा. नवा बसवायचा तर आधी रेडिएटर धुऊन घ्यावा. वॉलच्या कडेला हवा निसटण्यासाठी बारीक छिद्र असेल तर ते वरच्या बाजूला यायला हवं, नाहीतर कुलंट भरताना हवा अडकते आणि नवाकोरा वॉलही वेळेवर उघडत नाही.