नदीचं मूळ, एमजीबीचं कूळ

इंजिन स्लोवर चालू ठेवायचं, एअर फिल्टर उतरवायचे आणि हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं दोनपैकी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं. आधी एकाची फुसफुस ऐकायची, मग दुसऱ्याची. दोन्ही सारख्या वाजल्या म्हणजे दोन्हींतून हवा सारखी जाते. मग मिक्श्चर. एसयू कार्ब्युरेटरमधला पिस्टन बाजूच्या छोट्या पिनेने जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिन चढून चढलेलंच राहिलं तर पेट्रोल जास्त. बसायला लागलं तर कमी. क्षणभर चढून पुन्हा आपल्या चालीवर आलं की जमलं. नाहीतर खालचं षट्कोनी नट एक बाजूभर फिरवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

एमजीबी घरी ठेवणाऱ्याची रविवार सकाळ अशी जाते. 1962 ते 1980 या काळात ही दोन दारांची इंग्रजी स्पोर्ट्‌स कार पाच लाखांवर निघाली, आणि मालकाच्या हातून थोडीफार न बदललेली त्यांतली गाडी शोधून काढावी लागेल. गाड्यांच्या मेळाव्यात कुणीतरी नाक मुरडून ‘मूळची राहिली नाही’ म्हणतोच. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. एमजीबीचं मात्र विचारावं, कारण तिथेही कुणीतरी दुसऱ्याची गाडी खोलून बसलेलाच सापडतो.

त्याचं नाव सेसिल किंबर. 1922 साली तो ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’चा मुख्य व्यवस्थापक झाला. काम मॉरिसच्या गाड्या विकण्याचं आणि दुरुस्त करण्याचं. याने साध्यासुध्या मॉरिसच्या सांगाड्यावर देखणी, हलकी बॉडी चढवून त्या जास्त दामाने विकायला सुरुवात केली. एमजी ही अक्षरं त्या गॅरेजचीच. 1925 मध्ये लँड्‌स एंडच्या स्पर्धेसाठी त्याने सजवलेल्या गाडीला पुढे कंपनीने कौतुकाने ‘ओल्ड नंबर वन’ नाव दिलं. ती पहिली एमजी नव्हतीच, पण घराण्याच्या मूळपुरुषाबद्दल इतकी सूट सगळेच घेतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर कारखान्यानेच गिऱ्हाइकाच्या हातात पाना दिला. टी मालिकेच्या गाड्यांसाठी एमजीने ट्यूनिंगची पुस्तिका काढली: हेड उतरवून हवेचे मार्ग घासून गुळगुळीत करा, हेड थोडं तासून कॉम्प्रेशन वाढवा, मोठे कार्ब्युरेटर बसवा. सगळं टप्प्याटप्प्याने, खिशाला झेपेल तसं. 1964 पासून एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात ‘स्पेशल ट्यूनिंग’ नावाचा विभागच होता.

एमजीबीचं इंजिनही उसनंच. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज कुटुंबकबिल्याच्या मोटारींतून आलं, तिच्यासाठी ते 1798 सीसीपर्यंत वाढवलं. त्याच घराण्यातलं 1489 सीसीचं इंजिन आपल्या ॲम्बॅसडरमध्ये होतं. ॲम्बॅसडरचं बॉनेट उघडून ज्याने टॅपेट सेट केलेत, त्याला एमजीबीपुढे बुजायचं कारण नाही. एकीत लग्नाचं वऱ्हाड बसलं, दुसरीत जेमतेम दोन माणसं. चुलत बहिणीच त्या.

घरच्या बदलांतले बरेचसे गरजेपोटी आलेले आहेत. सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली, म्हणजे आजचा रेडिओ लावायचा तर आधी ती जोडणी उलटी करा. सीटांमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. त्या काढून बारा व्होल्टची एक बसवणं हा बहुतेकांचा पहिला धडा. 2000 साली ब्रिटनमध्ये शिशाचं पेट्रोल विक्रीतून गेलं. व्हॉल्व्हच्या बैठका त्या शिशावर तगून होत्या, म्हणून हेड उतरवून कडक पोलादाच्या बैठका बसवाव्या लागल्या.

खरा घाव कारखान्यानेच घातला, तोही अमेरिकी कायद्यापायी. 1974 च्या अखेरीपासून क्रोमचे चकचकीत बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले. ते ठराविक उंचीवर यावेत म्हणून आख्खी गाडीच इंच-दीड इंच उचलली. गाडी वळणावर कलंडल्यासारखी झुकू लागली. अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांचे दोन एसयू काढून धुरावरच्या नियमांसाठी एकच कार्ब्युरेटर बसवला, तेव्हा मूळच्या 95 अश्वशक्तींतल्या साठीच्या घरातल्याच उरल्या. पुढची कित्येक वर्षं घरोघरच्या गॅरेजांत हेच उलटं फिरवायचं काम चाललं: मागच्या पाट्या आणि एक्सल यांच्यामध्ये ठोकळे, पुढे आखूड स्प्रिंगा, जुने क्रोम बंपर, पुन्हा दोन एसयू. कारखान्यातून आली तशी गाडी ‘मूळ’ मानायची, तर या माणसांनी ती बिघडवली म्हणावं लागेल. मला तसं म्हणवत नाही.

केन कॉस्टेलोचा किस्सा याहून मजेशीर. 1970 च्या सुमारास या शर्यतवाल्याने एमजीबीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-8 बसवलं. ॲल्युमिनियमचं असल्यामुळे दुप्पट सिलिंडर असूनही ते जुन्या बिडाच्या इंजिनाहून जड नव्हतं. कार्ब्युरेटर मात्र वर येत, म्हणून बॉनेटला फुगवटा. अशा गाड्या तो विकू लागला तेव्हा एमजीची मालक कंपनी ब्रिटिश लेलँडने एक मागवून पाहिली, आणि 1973 मध्ये स्वतःची व्ही-8 काढली. कार्ब्युरेटर मागे सरकवून बॉनेट सपाट ठेवलं, एवढी सुधारणा त्यांची. पण ती फक्त बंद टपाच्या जीटीत; 1976 पर्यंत 2,591 गाड्या झाल्या आणि विषय संपला. उघड्या गाडीत व्ही-8 हवं असेल तर घरीच बसवा. (तसं करणाऱ्यांनी आधी ब्रेक बदलावेत. पळायचं नंतर.)

1980 मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. 1988 मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुने साचे मिळवून एमजीबीच्या नव्याकोऱ्या बॉडी ठोकायला घेतल्या. गंजून चाळण झालेल्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल काढून नव्या बॉडीत भरता येऊ लागलं. रोव्हरने त्याच बॉडीत फेरफार करून 1992 मध्ये एमजी आरव्ही-8 आणली: उघड्या टपाची, व्ही-8 इंजिनाची. सुमारे 2,000 निघाल्या, बहुतेक जपानला गेल्या. गॅरेजांत वीस वर्षं चाललेलं काम कारखान्याने शेवटी केलं.

आता ‘मूळ’ कोणतं हे सरकारही ठरवतं. 2018 पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना वार्षिक तपासणी माफ आहे. मात्र गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठा बदल झालेला नसावा. सिलिंडरांची संख्या बदलली, तर तो बहुधा मोठा बदल धरतात. म्हणजे गेल्या वर्षी घरी व्ही-8 बसवलेल्या एमजीबीची चौकशी व्हायची. 1972 मध्ये कॉस्टेलोने बसवलेलं व्ही-8 मात्र त्या तीस वर्षांच्या कधीच पलीकडे गेलंय, बॉनेटवरच्या फुगवट्यासकट.