आकाशचं कर्नल

सांताक्रूझ स्टेशनबाहेरच्या मोबाईल रिपेअरवाल्याला विचारून बघा, "भाऊ, फोनचं कर्नल बदलून मिळेल का?" तो डिस्प्ले बदलायचा भाव सांगेल. त्याची चूक नाही. टचस्क्रीन, बॅटरी, वायफाय यांना कामाला लावणारा हा थर आपल्याला कधी दिसतच नाही. अँड्रॉइडमध्ये हा थर म्हणजे लिनक्स. २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन आला आणि तेव्हापासून जगभरची पोरं हौसेने आपापल्या फोनसाठी स्वतःचं कर्नल बांधत आली. तसलाच उद्योग मुंबईत चक्क सरकारी प्रकल्पात झाला, पवईच्या आयआयटीत. हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही.

आठवतोय का आकाश टॅब्लेट? ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांनी तो जाहीर केला. बनवणारी कंपनी डेटाविंड. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि बोट दाबून दाबून दुखेल असा रेझिस्टिव्ह स्क्रीन. यथेच्छ टिंगल झाली. मी तेव्हा शाळेत होतो आणि आकाश म्हणजे एक विनोद, एवढंच मला माहीत होतं.

२०१२ मध्ये प्रकल्प आयआयटी राजस्थानकडून आयआयटी मुंबईकडे आला. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते आकाश २ बाहेर पडला. १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी, अँड्रॉइड ४.०, आणि आत चीनच्या ऑलविनर कंपनीची ए१३ चिप. पवईच्या मंडळींनी त्यावर सी, पायथन, सायलॅब चालवून दाखवलं. पुढे जाऊन एसडी कार्डवर अख्खं लिनक्सही बसवलं. कार्ड घाला, लिनक्स. कार्ड काढा, परत अँड्रॉइड.

हे जमलं कसं? ए१३ चिप चालू झाली की आधी एसडी कार्ड तपासते, तिथे काही नसेल तरच आतल्या मेमरीकडे वळते. कार्डावरच्या कर्नलवर कंपनीची सही आहे का, असं विचारतच नाही. महागड्या फोनांत नेमकं इथेच, बूटलोडरवर, कुलूप असतं. म्हणजे जगाने ज्या स्वस्त चिपला नाकं मुरडली, ती या बाबतीत जास्त मोकळी होती!

पण दार उघडं असून भागत नाही, आत जाऊन करायचं काय तेही कळायला हवं. कोणती पिन कशाला जोडली आहे, हे ठाऊक नसेल तर नवं कर्नल नुसता काळा पडदा दाखवतं. लिनक्स १९९२ पासून जीपीएल परवान्याखाली आहे. तुम्ही कुणाला कर्नल घातलेला फोन विकलात तर त्याला सोर्स कोडही द्यायला हवा, अशी अट. ऑलविनरने कोड दिला, पण अर्धामुर्धा. व्हिडिओचा सीडर नावाचा भाग बंदच ठेवला. उरलेलं सनक्सी नावाच्या हौशी गटाने खणून काढलं. फेब्रुवारी २०१३ च्या लिनक्स ३.८ मध्ये ए१३ चा प्राथमिक आधार अधिकृतपणे आला.

आता गंमत बघा. जीपीएलची दुसरी आवृत्ती कोड द्या म्हणते, पण कुलूप लावू नका असं सांगत नाही. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने ती फट बुजवली, पण लिनक्स कर्नल दुसऱ्याच आवृत्तीवर राहिलं. त्यामुळे कंपनी कोड देऊनही तुम्हाला बाहेर ठेवू शकते. २०११ मध्ये एचटीसी आणि सोनी एरिक्सनने कुलूप उघडायची सोय दिली, तर २०२५ मध्ये सॅमसंगने वन यूआय ८ मधून तो पर्यायच काढला.

कंपन्या म्हणतात, सुरक्षेसाठी. त्यात तथ्य आहे, चोरलेल्या फोनवर कुणीही काहीही चढवू नये हे बरोबरच. पण २०१६ ची गोष्ट ऐका. ऑलविनरच्या ३.४ कर्नलमध्ये 'रूटमायडिव्हाइस' एवढं लिहिलं की कुठलाही प्रोग्राम फोनचा मालक व्हायचा! कुणीतरी टेस्टिंगसाठी ठेवलेला मागचा दरवाजा तसाच राहून गेला होता. तो सापडला, कारण कोड सगळ्यांसमोर होता. बंद कोडमध्ये असले किती दरवाजे असतील?

आकाश २०१५ मध्ये गुंडाळला गेला, साधारण १ लाख टॅब्लेट वाटून. सरकार विसरलं, कंपनीही विसरली. पण ए१३ ला २०१९ च्या लिनक्स ५.२ मध्ये लिमा नावाचा खुला ग्राफिक्स ड्रायव्हर मिळाला, म्हणजे योजना मेल्यावर चार वर्षांनी. आपण चाळीस हजारांचा फोन घेतो आणि अपडेट थांबले की तो ड्रॉवरमध्ये जातो. दोन हजारांच्या टॅब्लेटमधल्या चिपला मात्र अनोळखी लोक अजून सांभाळताहेत.

म्हणून पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलबरोबर दोन प्रश्न विचारा: बूटलोडर उघडतो का, आणि कर्नलचा कोड कंपनीने दिलाय का? स्वतः कर्नल बांधणार नसाल तरी विचारा. बांधणारा दुसरा कुणीतरी असतो, आणि त्याच्या जिवावर तुमचा फोन चार वर्षं जास्त जगतो.