दहा शिलिंगांची लकेर

साल १९३९. जोहान्सबर्गमध्ये गॅलो कंपनीच्या स्टुडिओत तुम्ही अंग चोरून उभे आहात. खोकला आला तर दाबा. आवाज थेट तबकडीत कोरला जातोय, मागून काही पुसता यायचं नाही. समोर ‘इव्हनिंग बर्ड्‌स’ची मंडळी, पोटापाण्यासाठी शहरात आलेले झुलू गडी. गाण्याचं नाव ‘म्बुबे’, म्हणजे सिंह. बाकीचे खर्जात एकच ठेका धरून बसलेत आणि त्यावरून उंचापुरा सॉलोमन लिंडा आपला चढा, बारीक आवाज मोकळा सोडतोय. हा तिसरा टेक. गाणं संपत आलंय, तेवढ्यात त्याला एक लकेर सुचते आणि तो ती घेऊन टाकतो. तालमीत ती नव्हती. तुमच्या अंगावर सर्रकन काटा येतो, कारण खोलीत ही चाल आधीपासून पाठ असलेले तुम्ही एकटेच.

तबकडी आफ्रिकेत धडाक्यात खपते. लिंडा मात्र त्याच कंपनीच्या गोदामात तबकड्यांची खोकी भरताना सापडेल. १९५२ साली तो दहा शिलिंगांत हक्क सोडून देतो. धावत जाऊन त्याचा हात धरावासा वाटतो ना? धरता येत नाही.

आता न्यूयॉर्क. लोकगायक पीट सीगरच्या हाती ती तबकडी पडलीय. झुलू शब्द त्याला ‘विमोवे’ असे ऐकू आले आणि त्याचा ‘द वीव्हर्स’ हा गट तेच गातोय. १९६१ मध्ये जॉर्ज वाइस त्या लकेरीवर इंग्रजी शब्द बसवतो, ‘द टोकन्स’ गातात आणि ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. लेबल नीट वाचा: लिंडाचं नाव नाही.

पुढच्याच वर्षी तो गेला. सोवेटोतल्या त्याच्या घरात शेणाने सारवलेली जमीन. गाणं मात्र फिरतच राहतं: फ्रेंचमध्ये आंरी साल्व्हादोर, १९७२ मध्ये रॉबर्ट जॉन, १९८२ मध्ये ब्रिटनला नाचवणारे ‘टाइट फिट’ (हे नाही ऐकलंत तरी चालेल), १९९४ मध्ये ‘द लायन किंग’मधले टिमॉन आणि पुम्बा.

२००४ मध्ये लिंडाच्या वारसांनी ‘द लायन किंग’ काढणाऱ्या डिस्नीला कोर्टात खेचलं. आधाराला आला इंग्रज साहेबाचाच १९११चा कायदा: विकलेले हक्कही कर्त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी वारसांकडे परततात. २००६ मध्ये तडजोड झाली. मुलींना मागच्या-पुढच्या मानधनात वाटा मिळाला आणि सहसंगीतकार म्हणून लिंडाचं नाव लागलं.