गव्हाणीजवळची विशेषणे

इ. स. १२२३ च्या नाताळात असिसीचे संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो गावी गव्हाण मांडली. बाळ येशूला कोणती गैरसोय सोसावी लागली, तो गवतावर कसा निजला, हे त्यांना प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावयाचे होते, अशी नोंद त्यांचे चरित्रकार चेलानोचे थॉमस यांनी केली आहे. म्हणून तेथे खरे गवत पसरण्यात आले. बैल व गाढव आणून उभे करण्यात आले. ‘खरखरीत’, ‘उघडे’, ‘दरिद्री’ ही विशेषणे भाविकांना ऐकण्याआधीच दिसली.

शब्दाआधी अनुभव, हे तत्त्व पुढे बालशिक्षणातही रुजले. कोमेनियस यांचे मुलांसाठीचे सचित्र पुस्तक १६५८ साली न्यूरेम्बर्ग येथे प्रसिद्ध झाले. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणादिवशीच, उघडले. त्यांच्या पद्धतीत मुले खरखरीत व गुळगुळीत फळ्यांवरून बोटे फिरवीत. सेगँ या फ्रेंच वैद्याकडून घेतलेला पाठ तीन पायऱ्यांचा असे : प्रथम ‘हे खरखरीत, हे गुळगुळीत’ असे सांगावयाचे, मग ‘खरखरीत कोणते, ते दे’ असे म्हणावयाचे, शेवटी ‘हे कसे आहे?’ असे विचारावयाचे. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडला परिसरातील साध्या वस्तू हाताशी धरून बालशिक्षणाचे कार्य केले.

नाताळात आपल्या घरोघरी हा पाठ आयताच मांडलेला असतो. गवत खरखरीत, कापूस मऊ, तारा चकचकीत. शिवाय मराठीचे वळणही तेथेच सापडते : चिमुकला मेंढपाळ, चिमुकली मेंढी, चिमुकले कोकरू. लिंगानुसार बदलणारे हे विशेषण व्याकरणाच्या पुस्तकाआधी मुलाच्या ओठी बसावयास हवे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला ते घराखेरीज कोठे मिळणार? सारेच ‘छान’ म्हणणाऱ्या मुलाला गोठ्याची शोभा सांगता येईल. पण तेथील थंडी, उणीव आणि ऊब सांगता येणार नाही. मग शेजारच्या गरिबाचे दुःख तरी ते कोणत्या शब्दांत ओळखील?

म्हणून पालकहो, यंदा गव्हाण मांडताना मुलाला नुसते पाहत उभे ठेवू नका. त्याच्या हाती मूठभर गवत द्या आणि विचारा, ‘बाळा, हे कसे लागते?’