आठवणीचा रंग काळा-पांढरा

सुजय डहाके यांनी २०२३ साली ‘श्यामची आई’ पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हा त्यांनी ती कृष्णधवल चित्रित केली. या निवडीला आपल्यापैकी फारसे कोणी हरकत घेतली नाही. उलट ते स्वाभाविकच वाटले. वास्तविक पालगडच्या मातीला, कोकणातल्या पावसाला आणि श्यामच्या घरामागील झाडांना त्यांचे रंग होतेच. साने गुरुजींनी आपल्या पुस्तकात जे बालपण सांगितले, ते काही करड्या छटांत घडलेले नव्हते. मग काळा-पांढरा रंग कोणाचा? तो श्यामच्या बालपणाचा नसून आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या चित्रपटाचा आहे; किंबहुना, तो चित्रपट लहानपणी पाहिलेल्या पिढ्यांच्या आठवणीचा आहे. आपण ज्याला ‘जुन्या काळाची ओढ’ म्हणतो, ती पुष्कळदा त्या काळाची नसतेच. तो काळ ज्या माध्यमातून आपल्यापर्यंत पोचला, त्या माध्यमाची ती ओढ असते.

बालपणी पाहिलेल्या चित्रपटांविषयीच्या स्मरणरंजनाचा इतिहास लिहायचा झाल्यास मराठीत ‘श्यामची आई’इतके सोयीचे आणि तितकेच अडचणीचे उदाहरण दुसरे नाही. सोयीचे अशासाठी, की त्यात स्मरणाचे थर स्पष्ट दिसतात. यशोदाबाई साने १९१७ साली वारल्या. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात त्यांच्या मुलाने अवघ्या काही दिवसांत त्या आठवणी लिहून काढल्या. १९३५ साली त्यांचे पुस्तक झाले. साने गुरुजींनी १९५० साली या जगाचा निरोप घेतला आणि पुढे तीन वर्षांनी अत्र्यांचा चित्रपट आला. म्हणजे बंदिवासात केलेले स्मरण हा पहिला थर, लेखकाच्या मृत्यूनंतर केलेले स्मरण हा दुसरा, आणि तो चित्रपट पाहून मोठ्या झालेल्या प्रेक्षकाचे स्मरण हा तिसरा. २०२३ चा चित्रपट हा चौथा थर म्हणता येईल. गंमत अशी की या प्रत्येक थराने आधीच्या थरालाच ‘मूळ’ मानले.

पुस्तकाची रचनाही येथे लक्षात घ्यावी. त्यात प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत. आश्रमातली सायंप्रार्थना आटोपल्यावर प्रौढ श्याम मित्रांना आईच्या गोष्टी सांगतो. ऐकणारे अनेक, अंधार आणि एक सांगणारा: ही मांडणी चित्रपटगृहाच्या किती जवळची आहे! पुस्तक वाचणारा एकटा असतो. पण चित्रपट पाहणारे मूल वर्गातल्या सोबत्यांबरोबर, शिक्षकांच्या नजरेखाली, शाळेने रांगेत नेऊन बसवलेले असे. शेजारचा रडतो आहे हे कळल्यावर आपणही रडणे किंवा न रडण्याचा निकराने प्रयत्न करणे, हा या चित्रपटाच्या अनुभवाचाच भाग होता. पुढे २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि जुने मराठी चित्रपट घरात आले. पण तेव्हाही दूरचित्रवाणी संच वाडीत किंवा चाळीत एखाद्याकडेच असे, त्यामुळे तेथेही जमाव होताच. शिवाय हवा तेव्हा चित्रपट पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. एकदा पाहिलेले वर्षानुवर्षे मनातच चालवावे लागे. मनात चालवलेल्या चित्रपटाची काटछाट प्रेक्षकच करतो. म्हणून अनेकांना त्यातले चार-दोन प्रसंग लख्ख आठवतात आणि कथानकाचा क्रम मात्र आठवत नाही.

या सामूहिक अश्रूंना राजमान्यताही मिळाली. १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला देण्यात आले. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले. योगायोग मोठा बोलका आहे. दोन्ही चित्रपटांत कर्ज आहे, जमीन हातची जाण्याचे भय आहे, मुलगा आहे. एकात ही गोष्ट शेतकऱ्याच्या बाजूने सांगितली आहे आणि दुसऱ्यात खोताच्या घरातून.

उदाहरण अडचणीचे का, ते येथे स्पष्ट होते. श्यामचे घराणे खोताचे. कोकणात खोत हा सरकार आणि कसणारे कूळ यांच्यामधला वसुलीचा दुवा. त्याचे अधिकार केवळ साऱ्यापुरते उरले नव्हते, कुळांकडून वेठही घेतली जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांनी मुंबईत कायदेमंडळावर मोर्चा नेला. अखेर १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला. म्हणजे पुस्तक आले तेव्हा खोती जिवंत होती आणि चित्रपट आला तेव्हा ती कायद्याने संपली होती. मुलांच्या स्मरणात मात्र उरले ते एका सोज्ज्वळ घराचे दैन्य आणि सावकाराच्या माणसापुढे न झुकणारी आई. ते घर ज्या व्यवस्थेवर उभे होते, ती व्यवस्था आठवणीतून गळून पडली. यात बालप्रेक्षकाचा दोष नाही. मूल आईकडे पाहते, सातबाऱ्याकडे नाही. पण तेच मूल मोठे होऊन साहित्याचे शिक्षक झाले आणि तरीही त्याने फक्त आईकडेच पाहिले, तर प्रश्न उपस्थित होतो.

पुस्तकात मोळीवाल्या म्हातारीचा प्रसंग आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या त्या वृद्धेला मदत करण्यास आई श्यामला सांगते, आणि नंतर अंघोळ करून घेण्यासही सांगते. करुणा आणि विटाळ एकाच वाक्यात नांदतात. स्मरणरंजन पहिला अर्धा भाग जपून ठेवते आणि दुसरा विसरते. साने गुरुजी स्वतः मात्र तो विसरले नव्हते. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. आईने दिलेल्या संस्काराचा पहिला भाग घेऊन दुसऱ्याविरुद्ध उभे राहणे, हा त्या कृतीचा अर्थ आहे. आईवर अपार माया असूनही तिच्या जगाची चिकित्सा करता येते, याचा याहून मोठा पुरावा कोणता? आपल्या स्मरणरंजनाने श्यामला कायम लहान ठेवले. मोठा झालेला श्याम पडद्याबाहेरच राहिला.

पडद्यावरचा श्याम मात्र खरोखर मोठा झाला. माधव वझे पुढे नाट्यदिग्दर्शक आणि नाट्यसमीक्षक म्हणून मान्यता पावले. ‘श्यामची आई’ झालेल्या वनमाला यांना हिंदी प्रेक्षक त्याआधी सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’ची (१९४१) नायिका म्हणून ओळखत होता. मराठी मनाने या दोघांचेही उरलेले आयुष्य बाजूला सारले आणि त्यांना त्या दोन भूमिकांत कायमचे बसवून टाकले. प्रिय चित्रपटाची स्मृती अशी थोडी निष्ठुरही असते.

तेव्हा या स्मरणरंजनाचे करायचे काय? ते भाबडे म्हणून हसून सोडून देणे हा एक सोपा मार्ग, आणि त्यात विरघळून जाणे हा दुसरा. अभ्यासकाला तिसरा मार्ग धरावा लागेल. आठवण हा पुरावा आहे, पण तो चित्रपटाचा नसून पाहणाऱ्याचा आहे. कोणता प्रसंग आठवतो यापेक्षा कोणता आठवत नाही, हे वर्गात विचारून पाहावे. पुस्तक, १९५३ चा चित्रपट आणि आपली स्वतःची आठवण शेजारी ठेवून वाचावी. तिन्हींत जेथे फट दिसते, तेथे इतिहास असतो.

‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे परत येण्यास तब्बल पन्नास वर्षे लागली. २००४ साली तो संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला मिळाला. त्याही चित्रपटात कोकण आहे आणि मूल आहे. त्या मुलाची दृष्टी शस्त्रक्रियेत जाणार असते, आणि त्याआधी आजोबा त्याला जग दाखवण्यासाठी बाहेर घेऊन जातात. यापुढे ते मूल जे ‘पाहील’ ते केवळ आठवणीत. बालपणीच्या चित्रपटांशी आपले नाते काहीसे असेच आहे. फरक एवढाच, की आपले डोळे अजून शाबूत आहेत, आणि चित्रपटही शिल्लक आहे. तो पुन्हा पाहण्याचे धैर्य तेवढे हवे.